शनीचं गिऱ्हाईक

आमचे घरमालक नेमगोंडा आप्पा आकाशाकडे बघताना आधी खिशावर हात ठेवत. चांदणं बघायला मान वर केली की उजवा हात आपोआप कोटाच्या आतल्या खिशाकडे जायचा. जत्रेच्या गर्दीत शिरताना माणूस सावध होतो, तसे ते आकाशाखाली सावध होत. मी एकदा कारण विचारलं.

"वर काय चाललंय ठावं हाय न्हवं?" आप्पा म्हणाले. "यानावर यान सोडायल्यात. पैसा कुणाचा जातोय?"

"अमेरिकेचा."

"आज अमेरिकेचा," असं म्हणून त्यांनी खिसा पुन्हा चाचपला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बँकेच्या बदलीनं मी निपाणीत आलो होतो, कुटुंब बेळगावातच होतं, आणि आप्पांच्या तंबाखूच्या वखारीला लागून असलेल्या त्यांच्या घरात माडीवरच्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या होत्या. खोल्यांना तंबाखूचा वास होता. पहिल्या आठवड्यात मला शिंका आल्या, दुसऱ्या आठवड्यात वास येईनासा झाला, आणि पुढं बेळगावात घरी गेलो की तिथली हवा मला अळणी लागू लागली.

आप्पा उंच, सडपातळ, पांढरं धोतर आणि काळा कोट. बोटं तंबाखूनं कायमची तपकिरी झालेली, पण स्वतः कधी विडीला शिवले नाहीत. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत. जैनांच्या रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे होत, त्यामुळे त्यांना भांडायला अख्खी संध्याकाळ मिळे. देवाशी ते कन्नडमध्ये बोलत, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि करखात्याच्या माणसाशी कुठल्याच भाषेत बोलत नसत. आमचं गाव कोणत्या राज्यात असावं याविषयी गावात पुष्कळ मतं होती आणि ती मतं भिंतींवर रंगवलेलीही होती. आप्पांचं मत असं की गाव आहे तिथंच असावं, उगाच हलवाहलवीत माल भिजतो.

मात्र अवकाशाविषयी त्यांची मतं पक्की होती. मंगळावर अमेरिकेचं यान उतरलं, तिथली माती त्यानं तिथंच तपासली, ही बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली होती आणि अजून त्यांच्या मनातून गेली नव्हती. "माती तपासली म्हणत्यात. हुंगली का? न हुंगता माल कळतोय व्हय?" पुढं अमेरिकेची आकाशातली प्रयोगशाळा खाली कोसळणार म्हणून सगळीकडे घबराट उडाली, तेव्हा आप्पांनी वखारीच्या पत्र्यावर भिजलेली गोणपाटं पसरली. प्रयोगशाळा भलतीकडेच पडली. गोणपाटं मात्र पुढं कितीतरी दिवस ठिबकत राहिली आणि खालची चार पोती भिजली. आप्पांनी हे नुकसान थेट अमेरिकेच्या नावावर टाकलं.

आप्पांचे प्रतिस्पर्धी होते कांबळे सर. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. तिशीच्या आतले, शर्ट नेहमी खोचलेला, आवाज मऊ पण आग्रही. गावाच्या कडेच्या बौद्ध वस्तीतले, धारवाडला जाऊन एम.एस्सी. झालेले. त्यांच्याकडे एक रेडिओ होता. त्यावर ते परदेशी बातम्या लावत, कॉलेजच्या वाचनालयात येणारी विज्ञानाची मासिकं घरी नेत, आणि संध्याकाळी आप्पांच्या कट्ट्यावर येऊन सगळं मांडत. आप्पांच्या वखारीच्या फळ्यावर सकाळी खडूनं तंबाखूचा भाव लिहिलेला असे आणि संध्याकाळी त्याच्यावरच गुरू आणि शनी फिरत.

"यानात माणूस न्हाय म्हणतासा," आप्पा सुरुवात करायचे. "मग बघितलं कुणी?"

"कॅमेऱ्यानं, आप्पा."

"कॅमेरा म्या बी बघितलाय. माझ्या लग्नात त्यानं माझं डोळं मिटल्यालं काढलं. त्याच्यावर इस्वास ठेवायचा?"

"हा कॅमेरा वेगळा आहे."

"बरं. गेल्यालं यान परत कवा येणार?"

"येणार नाही. पुढं पुढं जातच राहणार."

"म्हंजे हरवलं म्हणा की. आमच्यात पोतं गेलं, परत आलं न्हाय, तर आमी हरवलं म्हणतो. तुमी त्येला शास्त्र म्हणतासा. आमच्या जैन शास्त्रात सूर्य दोन हायत, चंद्र दोन हायत. ह्यास्नी एवढा खर्च करून एकेकच गावला!"

कांबळे सर चिडत. चिडले की चांगलं बोलत. गुरूच्या एका चंद्रावर आगीचे डोंगर आहेत हे त्यांनी असं सांगितलं होतं की शेजारच्या सायकल दुकानदारानं पंप मारायचा थांबवला होता. माझं मत कुणी विचारत नसे. बँकेच्या माणसानं खर्चाविषयी बोलायचं नसतं अशी दोघांची समजूत असावी.

हा कट्टा पूर्वी वखारीच्या पुढच्या अंगाला भरायचा. आप्पांच्या बायकोला, आक्कांना, अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली त्या वर्षी आप्पांनी बाकडी उचलून घराच्या बाजूला, आक्कांच्या खिडकीखाली नेऊन टाकली. कारण सांगितलं, "तिकडं वारा हाय." तिकडं वारा नव्हता. तिकडं गटार होतं.

आक्कांना मी कधी पाहिलं नव्हतं. खिडकीला अर्धा पडदा होता. पण मला हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. आप्पा भांडायचे कांबळे सरांशी आणि तोंड असायचं खिडकीकडं. शिवाय दर दोन वाक्यांनी म्हणायचे, "काय म्हणालासा? पुन्यांदा सांगा. मोठ्यानं. शनीला काय हाय?"

"कडी!"

"कशाची?"

आप्पांना ऐकायला कमी येतं असं कांबळे सरांना वाटायचं. वखारीच्या पार दुसऱ्या टोकाला कुणी वजनात हात मारला तर तो आप्पांना ऐकू यायचा.

एकदा जिन्यात आप्पा भेटले तेव्हा मी हा विषय काढला. ते थोडा वेळ कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिले.

"दिवसभर भिंतीकडं तोंड करून असती," ते म्हणाले. "कोण आलं, कोण गेलं, तिला काय न्हाय. डॉक्टर झाला, वैद्य झाला, संकेश्वरास्नं तिची भन आली, तरी भिंत सोडंना. मास्तर शनीचं बोलाय लागला की तेवढं तोंड खिडकीकडं करती."

"मग त्यांच्याशी भांडता कशाला? सरळ सांगा, रोज या आणि मोठ्यानं सांगत जा."

आप्पांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "सायेब, सरळ मागितलं तर माल कोण उघडून दाखवतंय?"

मग मी त्यांच्याबरोबर एकदा खरेदीला गेलो आणि मला ते कळलं. शेतकऱ्याच्या खोपीत शिरल्यावर आप्पा पोत्यातली चिमूट तळहातावर चोळत, हुंगत आणि असं तोंड करत की त्या घरात कुणी गेलं असावं. "ह्यात काय न्हाय," म्हणत. शेतकरी इरेला पेटायचा, पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून तळातला माल वर काढायचा. "ह्यात बी काय न्हाय." आणखी एक पोतं फुटायचं. आप्पा जितकी जास्त नावं ठेवत तितकं त्यांच्या मनात घ्यायचं नक्की असे, आणि हे त्या शेतकऱ्यालाही ठाऊक असे. ज्या मालाला आप्पा "छान हाय" म्हणाले तो माल त्यांनी कधी घेतला नाही. साऱ्या भागात ही रीत चालू होती आणि त्यात कुणी कुणाचा राग मानत नसे.

कांबळे सर तंबाखू विकणाऱ्या घरातले नव्हते, ही एक गोष्ट आप्पांच्या ध्यानात राहिली नाही.

त्या हिवाळ्यात यान शनीजवळून जाणार होतं. रेडिओवर, वर्तमानपत्रात तेच. गावच्या वाचनालयाच्या चिटणिसांना स्फुरण चढलं आणि त्यांनी परिसंवाद ठेवला: 'ग्रहांवर याने पाठविण्याचा खर्च योग्य की अयोग्य?' योग्यच्या बाजूनं कांबळे सर, अयोग्यच्या बाजूनं अर्थात आप्पा. आप्पांनी एकच अट घातली. एक कर्णा आमच्या गल्लीच्या दिशेनं लावायचा.

"तिकडं कोण आहे आप्पा ऐकायला?" चिटणीस म्हणाले.

"हाय," आप्पा म्हणाले आणि निघून आले.

प्रमुख पाहुणे बेळगावहून आले, उशिरा आले आणि आल्याबद्दल त्यांचा दोनदा सत्कार झाला. त्यांनी मानवाच्या उत्तुंग झेपेविषयी एवढं भाषण केलं की तेवढ्यात यान शनी ओलांडून गेलं असतं. ओघात त्यांनी शनी मंगळाच्या अलीकडं आणून ठेवला. कांबळे सरांनी डोळे मिटून घेतले.

पण कांबळे सर नंतर सुरेख बोलले. मी मान डोलावली, सायकल दुकानदारानं टाळ्या वाजवल्या. मग आप्पा उठले. व्यासपीठ, माईक, पुढं पाचपन्नास माणसं, गळ्यात हार. माणूस घसरायला एवढं पुरे होतं.

"शनीला कडी हायत म्हणं," आप्पा म्हणाले. "असू देत. ह्या गावात घराघरांत बायका बिड्या वळायल्यात. बोटं झिजून गेल्यात. डोळं गेल्यात. त्यास्नी सांगा बघू, बाई, तुझ्या बोटास्नी औषिद न्हाय, खरं शनीचा फोटू आलाय. सांगा!"

 आप्पा स्वतःच जरा दचकले असावेत. खाली बसताना त्यांनी सवयीनं कांबळे सरांकडं बघितलं. आता पोत्यात खांद्यापर्यंत हात घालायची पाळी त्यांची होती.

कांबळे सर उत्तराला उठले. बराच वेळ माईकची उंची नीट करत राहिले. मग म्हणाले, "माझी आई बिड्या वळते. आप्पांच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही." आणि खाली बसले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी आप्पांना शाल आणि नारळ दिला. शाल अंगावर पडत असताना आप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. नावं ठेवायला म्हणून तोंड उघडावं आणि शेतकऱ्यानं गुपचूप सगळी पोती गाडीत भरून निघून जावं, तसा तो झाला होता.

दुसऱ्या दिवशी कांबळे सर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आप्पांनी मला प्रतिस्पर्धी करून बघितलं. मी शनीची बाजू जमेल तशी मांडली. दहा मिनिटांत आप्पांनी हात जोडले. "सायेब, तुमी ऱ्हावू द्या. तुमाला शनी विकाय येत न्हाय." मग ते स्वतःच दोन्ही बाजूंनी बोलू लागले. एकदा मऊ आवाजात कांबळे सर व्हायचे, एकदा मोठ्या आवाजात स्वतःला झापायचे. गटाराकाठी एकटा वृद्ध गृहस्थ स्वतःशी शनीवरून भांडतो आहे, हे पाहून येणारेजाणारे रस्ता बदलू लागले.

"तोंड परत भिंतीकडं गेलंय," आप्पा मला म्हणाले. "भाकरीचा तुकडा उचलंना. अन् यान कवा म्होरं जाणार म्हणालता मास्तर?"

"याच आठवड्यात."

"मग चला."

रविवारी सकाळी आम्ही कांबळे सरांच्या घरी गेलो. ओसरीवर त्यांची आई मांडीवर सूप घेऊन बसली होती. पान कापलेलं, त्यात तंबाखूची चिमूट, बोटाची एक गिरकी, दोऱ्याचा वेढा. आमच्याकडं बघूनही हात थांबले नाहीत.

"बसा आप्पा. माझं नाव घेऊन भाषाण केलासा म्हणं."

"नाव न्हाय घेतलं मी," आप्पा म्हणाले.

"नाव न्हाय. बोटं घेतलासा."

आप्पा बसले. आतून कांबळे सर दारात येऊन उभे राहिले.

"मला येवढंच सांगा," म्हातारी म्हणाली, "शनीचा खर्च थांबला की आमची मजुरी वाढतीया व्हय? तसं असंल तर आत्ताच थांबवा. म्या सही करते, शनी नगं म्हणून."

"मजुरी कारखानदार देतोय," आप्पा पुटपुटले.

"अन् त्येला तमाकू कोण देतंय?"

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी ओसरीच्या खांबाचं निरीक्षण करू लागलो.

"मला कुणी इचारलं न्हाय, तुला शनी पायजे का म्हणून," ती म्हणाली. "दिवसभर ह्ये सूप बघायचं. रातच्याला पोरगं शनीचं सांगतंय तवा कुठं मान वर हुतीया. ते बी बंद झालं. सभेपास्नं गप बसलंय, आई, तुझी बोटं, आई, तुझी बोटं करत. माझ्या बोटांची काळजी हाय तर ये की, दोरा गुंडाळ!"

"आई," कांबळे सर म्हणाले.

"मास्तर," आप्पांनी घसा साफ केला. मालाला चांगलं म्हणायची सवय त्यांना नव्हती. शब्द शोधताना कपाळावर घाम आला. "मास्तर, तुमचा माल... बरा हाय."

"परवा तर तुम्ही—"

"परवा नावं ठिवली. घ्यायचा असतोय त्यालाच नावं ठिवत्यात. नगं असलं की कोण कशाला त्वांड उघडतंय?"

कांबळे सरांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी आईकडं बघितलं. म्हातारी हसली.

"आमचा मुकादम बिड्या छाट करतोय, तसंच की रं ते. ह्या बारीक, त्या वाकड्या, म्हणून बाजूला काढतोय. मग टाकून देतोय व्हय? घेऊन जातोय. सगळी एकाच गावची."

आप्पांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. मग खाली मान घालून म्हणाले, "खिडकीत ऐकणारं माणूस हाय घरात. भांडाण तिच्यासाठी हुतं."

म्हातारीचे हात तेव्हा पहिल्यांदा थांबले. "आक्का? पडून हाय ती? अन् तुमी बाहीर बोंब मारून तिला सांगतासा?" तिनं सूप खाली ठेवलं. "जा रं. आज जा. आप्पा, चा घेतासा न्हवं?"

त्या गल्लीत आप्पांनी चहा प्यायलेला गावानं कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला. बशीत ओतून, फुंकून, आवाज करत प्याले आणि "साखर कमी हाय" म्हणाले. म्हातारीला त्याचा अर्थ आता ठाऊक होता. तिनं आणखी अर्धा कप ओतला.

संध्याकाळी जेवणं उरकल्यावर कांबळे सर मासिक घेऊन आले. आप्पा बाकड्यावर बसले, खिडकीकडं तोंड केलं आणि सवयीप्रमाणे "ह्यात काय न्हाय" म्हणून सुरुवात करणार, तोच घरात काम करणारी बाई दारात आली.

"आक्का हातानं खुणावत्यात, भांडू नगासा. आत या."

आप्पा उठले आणि दारात थबकले. आपल्याच घरात शिरायला त्यांना परवानगी लागत असावी असं वाटलं.

खोलीत खिडकीला लावून खाट होती. आक्का उशीला टेकून बसल्या होत्या. माझ्या कल्पनेपेक्षा फारच लहान, पांढरे केस मोकळे सोडलेले. एक हात मांडीवर, जिथं ठेवला होता तिथंच. आप्पा आमच्याकडं न बघता खाटेवर त्यांच्या मागं जाऊन बसले, कोनाड्यातली फणी घेतली आणि केस विंचरू लागले. हाताला सराव होता. गुंता आला की वरून केस मुठीत धरायचे आणि खालचा सोडवायचा, म्हणजे ओढ बसत नाही. तपकिरी बोटं, पांढरे केस. भर बाजारात शेतकऱ्याला घाम फोडणारा हा माणूस इतक्या हलक्या हातानं काही करू शकतो, हे मला माडीवर राहूनही कळलं नव्हतं.

कांबळे सर आधी संकोचले. मग मासिकातलं चित्र आक्कांसमोर धरून बोलू लागले. भांडायला कुणी नव्हतं, तरी चांगलं बोलले. शनीची कडी म्हणजे बर्फाचे तुकडे, काही खड्यांएवढे, काही घराएवढे, सगळे एकमेकांना धरून फिरतात. यान त्यांच्या सावलीतून जाईल. त्याला इथून काही सांगायचं झालं तर सांगणं पोचायला तासाहून जास्त वेळ लागतो आणि त्याचं उत्तर यायला पुन्हा तेवढाच. आक्का चित्राकडं बघत होत्या. आप्पा विंचरत होते आणि चकार शब्द काढत नव्हते. कांबळे सर मधूनमधून थांबून त्यांच्याकडं बघायचे, आक्षेपाची वाट पाहायचे, आणि तो आला नाही की पुढं बोलायचे.

मग आक्कांचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांनी चित्रावरून नजर काढून कांबळे सरांकडं पाहिलं, गळ्याची शीर ताणली, ओठ पुन्हा जुळले आणि सुटले. आप्पांची फणी केसांतच थांबली.  बाहेर सायकल दुकानात पंप चालू होता, तोही बंद झाला. खूप वेळ गेला. कांबळे सर अवघडले, आक्कांना त्रास होतोय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पान उलटलं आणि पुढं बोलायला सुरुवात केली.

आप्पांनी फणीचा हात वर केला.

"थांबा मास्तर," ते अगदी हळू म्हणाले. "उत्तर यायलंय."